महेश्वरला दोन रात्री : काय बघावं, काय सोडावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. डिसेंबरात एक शुक्रवार सुट्टीला जोडून मिळतोय. नाशिकहून आमचीच गाडी घेऊन मध्य प्रदेशातल्या महेश्वरला जायचं म्हणतोय. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासूबाई. आईंचं वय ७४, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण हौस आम्हा तिघांपेक्षा जास्त. सासरे घरीच थांबणार, त्यांना लांबचा प्रवास सोसत नाही.

सध्याचा बेत असा : शुक्रवारी पहाटे चारला निघून दुपारपर्यंत महेश्वर, संध्याकाळी घाट आणि किल्ला. शनिवारी सकाळी ओंकारेश्वर, तिथून मांडू, रात्री परत महेश्वर. रविवारी पहाटे उठून उज्जैन, महाकालाचं दर्शन आणि तिथूनच थेट नाशिक.

नवऱ्याचं म्हणणं, एवढं लांब जातोच आहोत तर सगळं उरकून टाकू. बेत कागदावर उतरवल्यापासून माझ्या पोटात गोळा आलाय. जाऊन आलेल्यांनी खरं काय ते सांगावं. आणि साड्यांबद्दलही सांगा, ते मुद्दाम शेवटी लिहिलंय.

जुना_इंदुरी

ताई, यजमानांसमोर आधी नकाशा पसरा. ओंकारेश्वर महेश्वरपासून पासष्टेक किलोमीटर, पूर्वेला. मांडू चाळीसेक, पण बरोब्बर उलट्या अंगाला आणि विंध्याच्या माथ्यावर. म्हणजे शनिवारी तुम्ही आधी एकीकडे जाणार, आल्या वाटेने परत येणार आणि मग दुसरीकडे घाट चढणार. ओंकारेश्वरला पुलावरून चालणं, गर्दी, रांग. सुट्टीच्या शनिवारी मला तिथे अर्धा दिवस लागला होता, आणि माझे दोन्ही गुडघे जन्मजात आहेत तेच आहेत.

उज्जैन इंदूरच्याही पुढे पंचावन्न किलोमीटर. दर्शन घेऊन तिथून एका दमात नाशिक? गाडी चालवणारा एकटाच असेल तर सोमवारी ऑफिसात त्याला कुणी उठवू नका.

माझं मत : उज्जैन काढाच. मांडू आणि ओंकारेश्वर यांतलं फार तर एक ठेवा. आईंसाठी ओंकारेश्वर, मुलीसाठी मांडू. मांडूची खरी मजा पावसाळ्यात, पण जहाज महाल डिसेंबरातही बघण्यासारखा आहेच. आणि वाटेत मांडूची चिंच मिळते, गोरखचिंचेची भलीमोठी फळं. मुलीला दाखवा.

तिरकस_पुणेकर

महेश्वर दोन तासांत होतं. घाट, देऊळ, राजवाडा, संपलं. दोन रात्री राहून करणार काय?

रेवातीर

बसणार.

तिरकस_पुणेकर

बसायला मला घरचा सोफा आहे.

रेवातीर

त्याच्यासमोरून नर्मदा वाहत असेल तर पत्ता कळवा, येतो.

गोदाकाठ ताई, चेष्टा सोडा. महेश्वर नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे. घाटावर नदीकडे तोंड करून बसलात की डाव्या हाताला सूर्य उगवतो आणि उजव्या हाताला मावळतो. जागा बदलावी लागत नाही. समोर पात्रात बाणेश्वराचं छोटं देऊळ, नावेतून जाता येतं. पहाटे धुकं असेल तर देऊळ दिसतच नाही, नुसती घंटा ऐकू येते. नर्मदेच्या परिक्रमेत मी महेश्वरला एक रात्र टेकणार होतो, तीन राहिलो.

परिक्रमावासी दिसले तर त्यांना नावेतून फिरायला चला असं आग्रहाने म्हणू नका. परिक्रमेत नर्मदा ओलांडत नाहीत, उजव्या हाताला ठेवून चालतात. ओंकारेश्वराहून उचललेली परिक्रमा दक्षिण तीराने पश्चिमेला समुद्रापर्यंत जाते, तिथे नावेने पलीकडे होते आणि उत्तर तीराने अमरकंटकाकडे निघते. म्हणजे महेश्वरच्या घाटावर भेटणारा बहुतेक माणूस समुद्र बघून आलेला असतो. त्यात मराठी बोलणारे हमखास सापडतात. "नर्मदे हर" म्हणा, पुढचं आपोआप होतं.

मेतकूट

वाचनखूण साठवली. नाश्त्याला पोहे-जलेबी. आपल्यासारखे फोडणीत परतलेले पोहे समजू नका, ते वाफेवर ठेवलेले असतात, वरून शेव. दुपारी दाल-बाफले खाल्ले तर संध्याकाळपर्यंत काही बघायचा बेत ठेवू नका, अनुभवाचे बोल आहेत. कुणाच्या घरी जेवायचा योग आला तर ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मागा. निमाड खानदेशाला लागूनच आहे, चव अनोळखी वाटणार नाही. आणि हो, महेश्वरात १ एप्रिल २०२५ पासून दारूबंदी आहे. कुणाच्या यजमानांचा तसा काही बेत असेल तर म्हणून सांगितलं.

चौंडीकर

जाण्याआधी मुलीला अहिल्याबाईंची गोष्ट नीट सांगा, नाहीतर तिथला राजवाडा बघून ती म्हणेल, "बस, एवढाच?" खरंच एवढाच आहे. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी वाड्याएवढा. ओसरीवर पांढरी गादी, पालखी, देवघर.

आमच्या चौंडीत १७२५ साली जन्मलेली मुलगी. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात नवरा, खंडेराव, गेले. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव. तिथून १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, बाईंनी दौलत सांभाळली. काशी विश्वेश्वराचं आजचं देऊळ बांधलं, वेरूळच्या घृष्णेश्वराचं काम केलं, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा उभ्या केल्या. आणि स्वतः राहिल्या त्या या घरात. हे डोक्यात ठेवून आत गेलात की तो साधेपणा अंगावर येतो.

घाटावर फणसे घाट असं नाव दिसेल. फणसे म्हणजे बाईंचे जावई यशवंतराव. ते १७९१ साली वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. बाईंनी अडवून पाहिलं, ती ऐकली नाही. हे मुलीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी माझ्या पुतणीला सांगितलं, ती तासभर गप्प होती.

खापरतुकडा

चौंडीकरांना +१. आता माझं तुणतुणं.

समोरच्या, म्हणजे दक्षिण तीरावर नावडातोली म्हणून वस्ती आहे, नावाड्यांचा पाडा. १९५२-५३ साली पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने बडोद्याच्या विद्यापीठाला बरोबर घेऊन महेश्वर आणि नावडातोली इथे उत्खनन केलं. पुन्हा १९५७ ते ५९ मध्ये नावडातोली खणली. साडेतीन हजार वर्षांमागची गोल आणि चौकोनी घरं, गहू-मसूर यांचे जळके दाणे आणि लाल मातीवर काळ्या रंगाने चितारलेली भांडी निघाली. माळवा संस्कृती म्हणतात ती हीच. त्याच सांकलियांनी १९५०-५१ मध्ये तुमच्या नाशकात गोदेकाठच्या मातीच्या गढीवरही खणलं होतं, म्हणजे तुमचा पाहुणचाराचा हक्क आहेच.

आज तिथे बघायला काही नाही. टेकाड, शेतं, शेरडं. मी तरीही नावेने गेलो, कारण पलीकडून महेश्वर बघायचं होतं. अख्खा किल्ला, घाट, शिखरं एका नजरेत फक्त त्याच काठावरून दिसतात. फोटोसाठी सकाळ नको, घाट दक्षिणाभिमुख आहे, डिसेंबरात दुपारनंतरचं तिरपं ऊन उत्तम.

पुराणांतली माहिष्मती नगरी म्हणजे हेच महेश्वर, असं बरेच अभ्यासक मानतात, काही जण ओंकारेश्वराकडे बोट दाखवतात. मुलगी सिनेमातली माहिष्मती शोधायला लागली तर माझी जबाबदारी नाही.

आणि तिरकसराव, अहिल्येश्वराच्या देवळासमोर विठोजी होळकरांची छत्री, म्हणजे स्मारक, आहे. त्यांना १८०१ साली शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिलं, ते आपल्या पुण्यात. पुढच्याच वर्षी त्यांचे भाऊ यशवंतराव होळकर हडपसरला पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवून गेले. पुणेकराने त्या छत्रीपुढे पाच मिनिटं उभं राहावं. दोन तासांतली पाच मिनिटं निघतील.

तिरकस_पुणेकर

हे कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या गाइडने देवळातल्या नक्षीवर अर्धा तास घालवला आणि छत्रीपुढून नुसतं नेलं. बरं, अडीच तास.

ताणाबाणा

साड्यांचा प्रश्न आला की मला बोलवायला हवं होतं, तीन दिवस कुणी खाकरलंसुद्धा नाही.

महेश्वरी मुळात सुती. आता बहुतेक ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा, म्हणून अंगावर हलकी आणि चकाकी बेताची. किनारी पक्क्या ठरलेल्या : चटाई, लहर, हिरा, चमेली, ईंट. यातल्या कितीतरी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडात कोरलेल्या दिसतात. आधी दगडात शोधा, मग दुकानात. मुलीला हा खेळ आवडेल. बुगडी किनार म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखी, साडी उलटी नेसली तरी कळणार नाही. पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि मधे दोन पांढरे.

बुडत चाललेल्या हातमागाला १९७९ साली होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी काढून हात दिला. किल्ल्यातच माग चालतात, बायका विणताना बघता येतात. रेहवा म्हणजे रेवा, नर्मदाच.

फसवणूक कशी टाळायची? यंत्रमागाची नक्कल सर्रास मिळते. मी स्वतः पहिल्या खेपेला बाजारातल्या एका दुकानातून "शंभर टक्के हातमाग" घेऊन आले आणि घरी येऊन कपाळाला हात लावला. हातमागावर कापड ताणून धरायला आडवी काठी लावतात, तिच्या टोकांनी काठाशी बारीक भोकं पडतात. ती अंतराअंतराने, किंचित वेडीवाकडी दिसली तर जीव भांड्यात पडू द्या. कुठेच एकही दोष नसेल तर दुकानदाराकडे जरा रोखून बघा. सगळ्यात बरं म्हणजे विणकराच्या घरून घ्या. माग चालू असताना आवाज गल्लीत ऐकू येतो, त्या आवाजामागे जायचं.

जुना_इंदुरी

रस्त्याचं राहिलं. पळासनेर संपलं की बिजासन घाट. ट्रक बंद पडला की कोंडी ठरलेली. दीड तास हाताशी धरूनच निघा. घाट उतरताना गाडी गियरमध्ये ठेवा, ट्रकच्या पाठीला चिकटून चालू नका. खलघाटला नर्मदा ओलांडली की धामणोदला उजवीकडे महेश्वरचा फाटा, तिथून तेरा-चौदा किलोमीटर.

जवळच नर्मदेच्या पात्रात सहस्रधारा आहे, तिथे गेलात तर खडकांवर फार आत शिरू नका. वर धरणं आहेत, पाणी सोडलं की पातळी बदलते.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला अख्खा धागा वाचायला दिला. उज्जैन त्याने स्वतःच खोडलं. मांडू-ओंकारेश्वरवर चर्चा चालू आहे. म्हणजे तो बोलतोय आणि आई हसतायत. आल्यावर लिहिते.

गोदाकाठ (तीन आठवड्यांनी)

आलो. कबूल केल्याप्रमाणे लिहितेय, लांबलंय, सांभाळून घ्या.

चारला निघायचं ते पावणेपाचला निघालो. मुलीला नद्या मोजायला लावल्या होत्या : गोदावरी, गिरणा, पांझरा, तापी, नर्मदा. पाचवी यायला उशीर झाला, कारण बिजासन घाटात खरंच ट्रक आडवा होता. इंदुरी काका, तुमचा दीड तास अगदी मिनिटाला बरोबर.

खोली किल्ल्याच्या वरच्या अंगाला एका जुन्या घरात मिळाली. किल्ल्यातून घाटावर उतरायच्या पायऱ्या रुंद पण उंच. आई बारा उतरल्या, तेराव्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मला इथूनच सगळं दिसतंय." शुक्रवारची संध्याकाळ त्यांनी त्याच पायरीवर काढली. आम्ही खाली आरतीला उभे होतो, वर बघितलं तर त्यांच्या शेजारी फुगे विकणारा मुलगा बसला होता आणि त्याचं गणित चाललं होतं. आई निवृत्त शिक्षिका आहेत, कुठेही वर्ग भरवतात.

शनिवारी नवरा पहाटे पाचला उठला, मांडूला निघायचं म्हणून. "चहा पिऊन येतो" सांगून घाटावर गेला. साडेसात वाजले तरी पत्ता नाही. शोधायला गेले तर पायरीवर बसला होता, कॅमेरा मांडीवर, झाकणसुद्धा काढलेलं नाही. "धुकं आहे," म्हणाला, "थोडं थांबू." मांडूचा विषय तिथेच संपला. रेवातीर, घंटा ऐकू आली.

सकाळी राजवाड्यात लिंगार्चन बघितलं. काळ्या मातीची बोटाच्या पेरापेक्षा लहान शिवलिंगं, फळीवर ओळीने मांडलेली, शेकड्यांनी. मंत्र चालू, हात चालू, मान वर नाही. पूजा झाली की सगळी नर्मदेत विसर्जन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी. अहिल्याबाईंपासून चालत आलेला नेम आहे. मुलीने विचारलं, "रोज बनवून रोज बुडवायची, मग बनवायची कशाला?" आई म्हणाल्या, "मी तीस वर्षं फळा लिहिला आणि पुसला." मुलगी पुढे काही बोलली नाही.

चौंडीकर, मुक्ताबाईंची गोष्ट मी टाळणार होते. पण फणसे घाटाची पाटी मुलीने वाचलीच. तिने एवढंच विचारलं, "मग त्या रात्री अहिल्याबाई याच घरी परत आल्या?" मला उत्तर सुचलं नाही.

दुपारी नावेने बाणेश्वर आणि पुढे पलीकडचा काठ. नावाड्याने आधी भाव अव्वाच्या सव्वा सांगितला, आईंनी निम्म्यावर आणला, मग आमच्याच डब्यातले दोन दिंकाचे लाडू त्याला दिले, म्हणजे हिशोब तिथेच आला. खापरतुकडा, नावडातोलीत खरंच टेकाड आणि शेरडंच आहेत. पण परत फिरताना चारचं ऊन किल्ल्याच्या दगडावर पडलं होतं. तेवढा एक फोटो छापून भिंतीवर लावलाय.

संध्याकाळी घाटावर एक परिक्रमावासी आजी भेटल्या, सांगलीकडच्या. पांढरी साडी, पाठीला पिशवी, हातात काठी. समुद्र ओलांडून आल्या होत्या. आईंनी विचारलं, "पाय नाही दुखत?" त्या म्हणाल्या, "दुखतात की." दोघी खळखळून हसल्या आणि मग तासभर नुसत्या गुडघ्यांवर बोलल्या. कुठलं तेल, कुठली पट्टी, पायरी चढताना आधी कुठला पाय. मला वाटलं होतं काही अध्यात्म ऐकायला मिळेल.

रविवारी सकाळी सहस्रधारा. सहस्रार्जुनाने हजार हातांनी नर्मदा अडवली तेव्हा ती त्याच्या बोटांमधून निसटली, ती जागा. खडकांतून पाणी खरोखर तसंच फुटतं. कयाक घेऊन मुलं सराव करत होती. खेलो इंडियाच्या वेळी तिथे स्पर्धा झाल्या होत्या म्हणे. आमची लेक आता पोहायचा क्लास पुन्हा लावा म्हणतेय.

आता साडी. ताणाबाणा ताई, आधी दगडात शोधलं. चटाई पटकन सापडली, लहर सापडली, हिऱ्यावरून भांडण झालं. मग मागाच्या आवाजामागे एका गल्लीत शिरलो. विणकर बाईंनी मुलीला धोटा फेकू दिला, तो पहिल्या फटक्यात खाली. माझ्यासाठी निळी बघत होते, आई नको नको म्हणत ओट्यावर बसल्या होत्या. इतक्यात त्या बाईंनी एक करडी साडी उलगडली आणि किनारीचं नाव सांगितलं, "ईंट". आईंनी हात पुढे केला, किनारीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "वीट आहे होय? मग ही माझी." आईंचं माहेर वारकऱ्याचं. आषाढीला हीच नेसणार, असं तिथेच ठरलं. काठाशी भोकं आहेत, वेडीवाकडी आहेत, मी मोजली.

माझी निळी राहिलीच.

ताणाबाणा

ईंट किनार विटेसाठी घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा ऐकलं. पहिल्या धुण्याला मऊ साबण, सावलीत वाळवा. पदराला पाच पट्टे आहेत ना?

रेवातीर

त्या सांगलीच्या आजींना बहुतेक मीही भेटलोय, मंडलेश्वरच्या अलीकडे. मला निलगिरीचं तेल सांगितलं होतं.

तिरकस_पुणेकर

सगळं छान. किंमत सांगा. व्यनि (खाजगी निरोप) नको, इथेच.

गोदाकाठ

पाच पट्टे आहेत. किंमत इथे लिहायची नाही असं आईंनी बजावलंय. सासरे या संस्थळावर वाचनमात्र असतात.